गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स बसवणाऱ्या कारागिरासाठी प्रमाणपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीरिओ, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, सेंट्रल लॉक, जीपीएस, ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि वूफर बसवण्याचे काम मुंबईतील बहुतेक कारागीर कोणाच्या तरी हाताखाली शिकले आहेत. ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत किंवा कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर पाना-पक्कड देण्यापासून सुरुवात झाली, दोन वर्षांत दरवाजाचे पॅड उघडता आले, पाच वर्षांत डॅशबोर्ड. हात बसला, पण कागद नाही. पुढील प्रश्न प्रामुख्याने अशा कारागिरांचे आहेत, आणि काही दहावीनंतर या कामाचा विचार करणाऱ्या मुलांचे व त्यांच्या पालकांचे आहेत.

प्रश्न: गाडीत स्टीरिओ किंवा कॅमेरा बसवण्यासाठी कायद्याने प्रमाणपत्र लागते का?

नाही. खासगी गाडीत स्टीरिओ, कॅमेरा, डॅशकॅम किंवा सेंट्रल लॉक बसवणाऱ्या कारागिराने अमुक परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी, अशी अट आपल्याकडे कोणत्याही कायद्यात नाही. सरकारी नियमानुसार बसवायच्या उपकरणांची गोष्ट मात्र वेगळी आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक सेवा वाहनांत, म्हणजे टॅक्सी, बस यांसारख्या वाहनांत, एआयएस-१४० या मानकाचे ठिकाणदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण असणे बंधनकारक झाले. ते यंत्र मान्यताप्राप्त मॉडेलचेच असावे लागते आणि त्याची नोंद वाहनाच्या सरकारी माहितीशी जोडली जाते, त्यामुळे ते बसवण्याचे काम उत्पादकाने नेमलेल्या केंद्राकडे जाते. वेगनियंत्रकाचेही तसेच. अशा केंद्रात काम मिळवायचे असेल तर कागद विचारला जातो.

प्रश्न: मग कायदा मागत नसताना प्रमाणपत्र काढून उपयोग काय?

गल्लीतल्या दुकानात बसून येणाऱ्या गिऱ्हाईकाचे काम करायचे असेल, तर उपयोग थोडा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. गिऱ्हाईक कागद पाहत नाही, तो शेजाऱ्याच्या गाडीतले काम पाहून येतो. उपयोग सुरू होतो तो दुकानाबाहेर: कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून अर्ज करताना, पन्नास टॅक्सींचे काम देणाऱ्या मालकाशी करार करताना, आखाती देशांत जाताना, एसटी किंवा बेस्टसारख्या सार्वजनिक उपक्रमात शिकाऊ उमेदवारी मिळवताना.

आणखी एक उपयोग आहे, जो माझ्या मते सर्वांत मोठा आहे. परीक्षेच्या निमित्ताने माणूस वायरिंगचा नकाशा वाचायला शिकतो. हाताखाली शिकलेल्या कारागिराला बहुधा रंग पाठ असतात, कारण माहीत नसते. ज्या गाडीत रंग बदलतात तिथे तो अडतो, किंवा अडत नाही आणि पुढे जातो, जे अधिक वाईट आहे.

प्रश्न: कोणती प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत फरक काय?

‘कार ऑडिओ बसवणारा’ अशा नेमक्या नावाचा आयटीआय अभ्यासक्रम नाही, त्यामुळे जवळचा मार्ग निवडावा लागतो.

सर्वांत भक्कम कागद आयटीआयचा. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली हे अभ्यासक्रम चालतात, शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. या कामाला सर्वांत जवळचा व्यवसाय म्हणजे ‘मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स’. तो सगळ्या संस्थांत नसतो. नसेल तेथे दोन वर्षांचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ घ्यावा. त्यात इंजिनाचा भाग मोठा असला तरी गाडीच्या विजेचा भागही येतो आणि नोकरीच्या जाहिरातींत हे नाव सर्वाधिक दिसते. दोन वर्षांचा ‘इलेक्ट्रिशियन’ हा व्यवसाय घरे व कारखाने यांच्यासाठी आहे. तो वाईट नाही, पण त्यातला विद्यार्थी २३० व्होल्ट शिकतो आणि गाडीत १२ व्होल्ट असतात. १२ व्होल्टची भीती वाटत नाही म्हणूनच त्यात आगी लागतात.

दुसरा मार्ग राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखालील अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचा आहे. हा आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. वाहन क्षेत्रासाठी ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल ही संस्था आहे. ती वाहन उत्पादक, सुटे भाग उत्पादक आणि वाहन विक्रेते यांच्या संघटनांनी सरकारच्या साहाय्याने उभी केली. अशा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख करण्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली, जिला सर्वजण एनसीव्हीईटी म्हणतात. हे अभ्यासक्रम महिन्यांचे असतात, वर्षांचे नव्हे, आणि त्यांचे वजनही त्याच प्रमाणात धरावे.

तिसरा प्रकार कंपन्यांच्या प्रशिक्षणाचा. स्टीरिओ, ॲम्प किंवा ट्रॅकर बनवणाऱ्या कंपन्या विक्रेत्यांच्या कारागिरांना एक-दोन दिवस शिकवतात आणि कागद देतात. त्याला सरकारी मान्यता नसते, परंतु त्या कंपनीचा माल बसवताना तोच सर्वांत उपयोगी ठरतो. शक्य असेल तेव्हा जावे. जेवण चांगले असते, हाही अनुभव आहे.

प्रश्न: मुंबईत आयटीआयला प्रवेश कसा मिळतो?

राज्यातील सर्व प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून, दहावीच्या निकालानंतर होतात. प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे तिशीतला कारागीरही अर्ज करू शकतो, मात्र पूर्णवेळ हजेरी द्यावी लागते आणि घर चालवणाऱ्याला ते जमेलच असे नाही. कुर्ला, मुलुंड, अंधेरी आणि ठाण्याला शासकीय संस्था आहेत. पसंतीक्रम भरण्यापूर्वी हवा तो व्यवसाय त्या वर्षी कोणत्या संस्थेत आहे हे पाहावे. घराजवळची संस्था म्हणून नाव टाकले आणि मग नको तो व्यवसाय हाती आला, असे दरवर्षी होते.

प्रश्न: मी दहा-बारा वर्षे काम करतो, शाळा मध्येच सुटली. मला काही मार्ग आहे का?

आहे. त्याला पूर्वशिक्षणाची मान्यता म्हणतात. बोलताना सर्वजण आरपीएल म्हणतात. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही तो भाग होता. यात पुन्हा शिकवण्यावर भर नसतो. जे येते ते मोजले जाते: थोडी उजळणी होते, सुरक्षिततेचे नियम सांगितले जातात, मग बाहेरून आलेला मूल्यमापक लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा घेतो. कोणती भूमिका, म्हणजे कोणत्या कामाची परीक्षा, निवडायची आणि तिच्यासाठी शिक्षणाची किमान अट काय आहे हे केंद्रात आधी विचारावे, कारण ती भूमिकेनुसार बदलते.

यात अनुभवी माणसे कुठे अडतात, हे पाहण्यासारखे आहे. हातात गाडी दिली की ती चोख काम करतात. ‘हे असे का केलेस?’ असे विचारले की गप्प होतात. पंधरा वर्षे काम केलेल्या एका कारागिराने माझ्यासमोर ॲम्पची वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत सुरेख ओढली, क्लिपा लावल्या, कुठे घासणार नाही असे पाहिले, आणि फ्यूज लावला तो डिकीत, ॲम्पच्या तोंडाशी. ‘फ्यूज कोणाला वाचवतो?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘ॲम्पला.’ फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणून तो बॅटरीपाशी, साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत हवा; नाहीतर अपघातात पत्रा दबून मधली वायर कापली गेली, तर बॅटरी आणि त्या कापलेल्या जागेच्या मध्ये तिला अडवणारे काहीच उरत नाही. इतकी वर्षे त्याचे काम नशिबावर चालले होते. त्याच दिवशी त्याने फ्यूजची जागा बदलली, आणि संध्याकाळी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावत बसला.

प्रश्न: माझ्याकडे वायरमनचा सरकारी परवाना आहे. तो चालेल का?

तो इमारतींच्या वीजकामासाठी आहे. गाडीच्या कामात त्याला काही अर्थ नाही, परंतु ज्याच्याकडे तो आहे त्याला वायरीचा जाडीनुसार भार काढता येतो, आणि हे येथे निम्मे काम आहे.

प्रश्न: पीएम विश्वकर्मा योजनेतून प्रशिक्षण आणि साधनांचे पैसे मिळतात असे ऐकले. आम्हाला मिळतील का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या त्या योजनेत सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. गाडीचा इलेक्ट्रिशियन त्यांत नाही. एजंट सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत.

प्रश्न: प्रात्यक्षिक परीक्षेत नेमके काय विचारतात?

संस्थेनुसार फरक पडतो, तरीही काही गोष्टी टळत नाहीत.

मल्टिमीटर पहिला. गाडी बंद असताना चांगल्या स्थितीतली पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट. हे आकडे प्रत्येकाला पाठ असतात. पुढचा प्रश्न असा येतो: स्टीरिओच्या काळ्या वायरीवर, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या बॉडी अर्थवर, आवाज मोठा असताना अर्धा व्होल्ट दिसतो, तर दोष कुठे? उत्तर असे की अर्थ जेथे पत्र्याला कसला आहे तेथे रंग खरवडलेला नाही किंवा गंज आहे, आणि त्या जोडातच दाब खर्च होतो आहे. प्लसच्या बाजूला तासभर शोधणारे उमेदवार येथे वेळ घालवतात.

दुसरा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मूल्यमापक चार पायांचा रिले टेबलावर ठेवतो आणि पाय ओळखायला सांगतो. ३० हा बॅटरीकडून येणारा पाय, ८७ उपकरणाकडे जाणारा, ८५ व ८६ ही गुंडाळीची दोन टोके. पाच पायांच्या रिलेत ८७ए हा वाढीव पाय असतो, जो रिले सुटलेला असताना ३० ला जोडलेला असतो. आकडे पुसले गेले असतील तर मल्टिमीटरने गुंडाळी शोधायची: जेथे साधारण ७० ते १०० ओहम दाखवतो ती ८५-८६ ची जोडी. मग त्या दोन पायांना १२ व्होल्ट द्यायचे आणि ‘टक्’ आवाज ऐकायचा. हा टक् ऐकताना पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो पाहण्यासारखा असतो.

त्यानंतर हिशेब. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना ६० वॉटचे बल्ब असतील तर १२० भागिले १२, म्हणजे १० ॲम्पिअर. गिऱ्हाइकाने १०० वॉटचे बल्ब आणून दिले तर २०० भागिले १२, म्हणजे जवळजवळ १७ ॲम्पिअर, आणि ते मूळच्या स्विचमधून व मूळच्या बारीक वायरीतून न्यायचे म्हटले तर स्विच वितळतो. फ्यूजचे रंगही विचारतात: १० ॲम्पिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज उडतो म्हणून मोठा घातला, असे उत्तर दिले तर पुढचे प्रश्न विचारण्याचे कष्ट मूल्यमापक घेत नाही.

शेवटी वायरींचा संकेत. बाजारातील स्टीरिओसोबत येणाऱ्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, पिवळी म्हणजे कायम प्लस, लाल म्हणजे चावीवरचा प्लस, काळी म्हणजे अर्थ. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. हा संकेत स्टीरिओच्या बाजूचा आहे, गाडीच्या बाजूचा नव्हे. गाडीचा कारखाना स्वतःचे रंग वापरतो. पिवळी-लाल उलट लागली की स्टीरिओ चालतो, पण चावी काढली की त्याची स्मरणशक्ती जाते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सेव्ह केलेली स्टेशने गेली म्हणून परत येते.

प्रश्न: जुने मिस्त्री टेस्ट लॅम्पने सगळे शोधतात. परीक्षेत तो वापरू देत नाहीत, असे का?

बल्बचा टेस्ट लॅम्प स्वतः करंट ओढतो. जुन्या गाडीत त्याचे काही बिघडत नसे. आजच्या गाडीत कंट्रोल युनिटे एकमेकांशी कॅन बसवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली. तिच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात आणि संदेश जाताना एक ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते. तिथे लॅम्प टोचला तर संदेश बिघडतात, आणि युनिटमधला बारीक भाग जळालाच तर त्याचा खर्च तुमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोठा असू शकतो. बॅटरीची जोडणी काढून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजले तर ६० च्या आसपास यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक समांतर असतो. १२० आले तर एक टोक तुटले आहे, हे पाना न उचलता कळते.

प्रश्न: ‘कपलर टू कपलर’ काम म्हणजे काय आणि गिऱ्हाईक त्याचाच आग्रह का धरते?

मूळ वायर न कापता, गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा तयार कपलर मध्ये लावून केलेले काम. गाडी वॉरंटीत असताना सर्व्हिस सेंटरचा माणूस पहिल्यांदा कापलेली वायर शोधतो आणि सापडली की संबंधित दोष तुमच्या माथी येतो. कधी रास्तपणे, कधी नाही. म्हणून गिऱ्हाईक बरोबर आहे.

तरीही प्रत्येक गाडीला, प्रत्येक उपकरणाला कपलर मिळत नाही, आणि जोड द्यावाच लागतो. तो कसा द्यावा यावरच मुंबईत कारागिराची खरी परीक्षा होते, कारण येथे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा असते. जुलैच्या एका संध्याकाळी आलेली एक गाडी लक्षात आहे. मिलन सबवेजवळच्या पाण्यातून आली होती, दोन दिवसांनी सेंट्रल लॉक आपोआप उघडू-मिटू लागले. चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलला तर खालचा फोम चिंब, पिळला की पाणी गळत होते. त्याखाली आधीच्या कोणीतरी वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली. टेपचा गोंद सुटून चिकट झाला होता, आणि आत तांब्याच्या जागी हिरवी पूड होती. बोटात धरून ओढताच वायर तुटून हातात आली. तोच जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबून, उष्णतेने आकसणारी नळी चढवून आणि गालिच्याखाली न ठेवता बाजूच्या उंच पट्टीत नेला असता, तर तो पावसाळा निभावला असता. दरवाजातून जाणारी वायरसुद्धा आत येण्यापूर्वी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी त्या वळणावर थेंब होऊन गळते, वायरीवरून चालत आत येत नाही.

वायर घेताना तांब्याचीच घ्यावी. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारी बरीचशी वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. सुरीने एक तार खरवडून पाहिली की आतला पांढरा रंग दिसतो.

प्रश्न: डॅशकॅम बसवल्यावर बॅटरी उतरते, ही तक्रार खरी आहे का?

खरी आहे, आणि मुंबईत अधिक खरी आहे, कारण येथे अनेक गाड्या सोमवार ते शनिवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात. पार्किंग मोडमधला कॅमेरा समजा ३०० मिलिॲम्पिअर ओढतो. सहा दिवसांचे १४४ तास, म्हणजे ४३ ॲम्पिअर-तास. लहान गाडीची बॅटरीच ३५ ॲम्पिअर-तासांची असते. रविवारी सकाळी कुटुंब तयार होऊन खाली येते आणि गाडी सुरू होत नाही. ठरावीक व्होल्टेजखाली कॅमेरा बंद करणारे साधन मध्ये लावावे, किंवा वायर चावीवरच्या प्लसला द्यावी आणि तसे गिऱ्हाइकाला सांगावे. काम संपल्यावर गाडी बंद करून, सगळी युनिटे झोपेपर्यंत थांबून, बॅटरीवरचा करंट मोजण्याची सवय असावी. ५० मिलिॲम्पिअरच्या वर दिसला तर बोनेट लावू नये.

प्रश्न: एअरबॅग असलेल्या स्टीअरिंगजवळ आणि इलेक्ट्रिक गाडीत काम करता येते का?

एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांना मीटर लावू नये, त्यांच्यातून प्लस घेऊ नये, आणि स्टीअरिंग सोडायचेच असेल तर बॅटरीची जोडणी काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या केबल म्हणजे उच्च दाब; त्यांच्याजवळ जाण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. स्टीरिओ व कॅमेरा यांना त्या गाड्यांतही साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरूनच वीज जाते, त्यामुळे काम बंद होणार म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

प्रश्न: गिऱ्हाईक नियमात न बसणारे काम मागते तेव्हा काय करावे?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ए आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टीरिओ बदलल्याने नोंदणी पुस्तकातले काही बदलत नाही. डोळे दिपवणारे जादा वॉटचे बल्ब, समोर लाल दिवे, सुरांवर सूर काढणारा हॉर्न ही कामे मात्र नियमांत बसत नाहीत. चालकाला गाडी चालवताना चित्रपट दिसेल अशा तऱ्हेने हँडब्रेकची वायर (हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दाखवू देणारी) अर्थला जोडून देण्याची मागणी तर रोजची आहे. ती जोडून देणाऱ्याचे नाव अपघातानंतर पहिल्यांदा घेतले जाते. नकार देण्याने एक गिऱ्हाईक जाते, आणि ते जाऊ द्यावे.

प्रश्न: मी बसवलेल्या वस्तूंना विम्याचे संरक्षण मिळते का?

आपोआप नाही. गाडीच्या मूळ किमतीत नसलेली विजेची उपकरणे पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात. जुन्या मोटार दरपत्रकात त्यासाठी उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता. त्याच दरपत्रकात पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्रासाठी २.५ टक्के, पण ५०० रुपयांपर्यंतच, सूट होती. गिऱ्हाइकाला पक्के बिल द्यावे आणि त्यावर मॉडेल व अनुक्रमांक लिहावा. बिलाशिवाय दावा उभा राहत नाही, आणि पाण्यात गेलेल्या गाडीचा मालक बिल मागायला ऑगस्टमध्येच येतो.

प्रश्न: आखातात जाण्यासाठी कोणता कागद उपयोगी पडतो?

आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, त्यावर शिकाऊ उमेदवारी केली असेल तर त्याचे राष्ट्रीय प्रमाणपत्र, आणि अनुभवाचे दाखले. सौदी अरेबियाने भारतातच कौशल्य तपासणीची परीक्षा सुरू केली. सुरुवातीच्या पाच व्यवसायांत प्लंबर, वेल्डर यांच्याबरोबर वाहनांचा इलेक्ट्रिशियनही होता. कागदांच्या साक्षांकनाची पद्धत देशानुसार वेगळी आहे: सौदी आणि ओमान अपोस्टिल (दूतावासाशिवाय चालणारे साक्षांकन) स्वीकारणाऱ्या करारात आहेत, संयुक्त अरब अमिरातीसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. दहावी उत्तीर्ण असाल तर पासपोर्टवर परदेशगमन तपासणीची अट राहत नाही; शाळा अर्धवट सोडलेल्यांनी मुक्त विद्यालयातून दहावी करण्याचे हे एक ठोस कारण आहे.

प्रश्न: अमेरिकेतील एमईसीपी प्रमाणपत्र काढावे का?

गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स बसवणाऱ्यांसाठीच आखलेले, प्राथमिक ते निष्णात अशा पायऱ्यांचे ते तेथील प्रमाणपत्र आहे. तेथे काम करणाऱ्याला त्याची किंमत आहे. मुंबईच्या बाजारात फारशी नाही. त्याचा विषयक्रम मात्र चांगला आहे. आपला अभ्यास त्या क्रमाने लावून पाहायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न: सुरुवातीला कोणती साधने घ्यावीत?

चांगला मल्टिमीटर, दातांचा क्रिम्पर, प्लास्टिकच्या पट्ट्या म्हणजे पॅड उघडताना ओरखडे पडत नाहीत, आकसणारी नळी, हातातला दिवा. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो ना हे पाहावे. घरगुती कामाचे स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात आणि गाडीत शून्य दाखवतात.

प्रश्न: पैसे घेऊन दोन दिवसांत ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र देणाऱ्यांचे काय?

कागदावर क्यूआर कोड आहे का, तो स्कॅन केल्यावर सरकारी संकेतस्थळावर तेच नाव दिसते का, आणि डिजिलॉकरमध्ये ते उतरवता येते का, एवढे तपासावे. ‘सरकारमान्य’ या शब्दाच्या पुढे कोणत्या परिषदेचे नाव आहे ते विचारावे. उत्तर लांबले तर उठावे.

प्रश्न: परीक्षेच्या दिवशी काय घेऊन जावे?

आधार कार्ड, शाळेचा दाखला, आणि आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून, कारण हजेरीसाठी ओटीपी येऊ शकतो. दाखल्यावर आणि आधारवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे किमान महिनाभर आधी पाहावे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर प्रमाणपत्र अडकते. बंद बूट घालावेत. अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ घरी ठेवावे: बॅटरीच्या प्लसवर पाना असताना अंगठी पत्र्याला टेकली की ती क्षणात लाल होते, आणि मूल्यमापक हात पाहूनच पहिला गुण देतो किंवा कापतो.